हेडलाइट बदलायच्या आधी तिचा झोत भिंतीवर पाहा

नाना पेठेतल्या दुकानदाराने एलईडी बल्ब काउंटरवरच बॅटरीला जोडला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "बघा साहेब, वीस हजार ल्युमेन!" पुढची दोन मिनिटं मला सगळीकडे हिरवे ठिपके दिसत होते, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. जोडी घेतली, बसवली. आठवड्याभरात रात्री पावसात ताम्हिणी घाटातून परतताना कळलं की बॉनेटपुढचा दहा-बारा मीटरचा तुकडा लग्नाच्या मांडवासारखा उजळलाय आणि त्यापलीकडे डांबर, कठडा, दरी सगळं एकाच रंगाचं. समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, आणि मी अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, नव्हतोच.

दुकानात मी फक्त बल्ब एकूण किती प्रकाश देतो, म्हणजे ल्युमेन, ते विचारलं. तो प्रकाश हेडलाइटमधून बाहेर पडून जातो कुठे, हे विचारायचं सुचलंच नाही. पुढे मित्रांच्या गाड्यांसकट बरेच पर्याय एकाच भिंतीवर पाडून पाहिले, त्यातून ही पद्धत बसली. लागतं काय, तर मास्किंग टेप, मोजपट्टी, मल्टिमीटर, मॅन्युअल कॅमेरा असलेला फोन, ट्रायपॉड आणि एक मोकळी रात्र.

आधी आहे ती हेडलाइट धडधाकट करा

तुलनेतला पहिला उमेदवार तुमची मूळ हेडलाइटच असते, आणि बहुतेक वेळा ती आजारी अवस्थेत मैदानात उतरवली जाते. पुढची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक. उन्हाने ते पिवळट, धुरकट होतं आणि आतून आलेला झोत तिथेच विस्कटतो. १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून याच क्रमाने घासा, मग पॉलिश करा आणि वरून यूव्ही कोटिंग किंवा पारदर्शक फिल्म लावा. कोटिंग टाळलंत तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते.

मग व्होल्टेज. इंजिन चालू, डिपर (खाली पडणारा जवळचा झोत) चालू, आणि मल्टिमीटरच्या पिना बल्बच्या होल्डरच्या मागे. माझ्या दहा वर्षं जुन्या गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि होल्डरवर १२.४. दीड व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतो. पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो, म्हणजे इथे जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वायरीतच संपत होता. बॅटरीतून फ्यूजसह जाड वायर थेट बल्बला, आणि जुनी वायर फक्त रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) ओढायला, असं हार्नेस ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. माझ्या मते यापेक्षा वसूल होणारा खर्च हेडलाइटच्या बाबतीत दुसरा नाही. पण १००/९० वॉटचे बल्ब मिळतात म्हणून हार्नेसवर ते चढवू नका. होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत आरशाचा) मुलामा काळवंडतो.

बल्ब आणि त्याचं घर

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच४ बल्ब आणि साधा रिफ्लेक्टर असतो. एक जुना एच४ हातात घेऊन नीट पाहा. आत दोन फिलामेंट दिसतील: डिपरची ५५ वॉट, अप्परची ६० वॉट. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खालीच पडतो. वाटीची एक कड १५ अंशांत कापलेली असते. भिंतीवर झोताची वरची रेघ एका बाजूला चढते ती या कापामुळे. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ती डावीकडे चढायला हवी: डाव्या कडेचा सायकलवाला, पाटी, गुरं दिसावीत आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत.

फिलामेंट एका मिलिमीटरने सरकलं तरी हे सगळं गणित बिघडतं. एलईडी बल्बची परीक्षा इथेच होते. चिप (एलईडीचा प्रकाश देणारा तुकडा) फिलामेंटच्याच जागी, तेवढ्याच लांबीची आणि दोन्ही बाजूंच्या चिपमधलं अंतर कमीत कमी असेल तरच रिफ्लेक्टर फसतो, म्हणजे त्याला वाटतं की समोर फिलामेंटच आहे. कॉलर (बल्बचं बसवायचं कडं) फिरवून चिप बरोबर डावी-उजवीकडे तोंड करतील अशी बसवावी लागते. घाईत बसवणारा मिस्त्री ती तिरकीच ठेवतो.

प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये भिंग आणि आतली पत्र्याची पट्टी रेघ काढतात, त्यामुळे ती सुरीने कापल्यासारखी येते. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरमध्ये एलईडी घातली की रेघ तशीच सुंदर राहते आणि तिच्याखालचा तेजाचा गोळा मात्र फिसकटतो. रेघ पाहून खूश होणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

आता ल्युमेन. एच४ चं डिपर प्रमाणित चाचणीत १३.२ व्होल्टला सुमारे १००० ल्युमेन देतं, अप्पर सुमारे १६५०. एलईडीचा एका वॉटला ढोबळ १०० ल्युमेनचा हिशोब धरला तर वीस हजारांना २०० वॉट लागतील. माझी जोडी मोजली तर दोन्ही मिळून त्याच्या पाव हिश्शालाही पोचत नव्हती. खोक्यावरचा आकडा वाचायचाच असेल तर वॉटचा वाचा.

अख्खी हेडलाइट बाहेरून मागवत असाल तर काचेवरच्या खुणा बघा. वर्तुळातलं ई आणि शेजारचा आकडा म्हणजे युरोपीय पद्धतीची मंजुरी. त्याच्या आसपास बाण शोधा. हेडलाइटकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजवीकडे असेल तर ती डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी आहे. बाणच नसेल तर ती उजवीकडून चालणाऱ्यांची. तिची रेघ समोरच्याच्या डोळ्यांत चढणार. दोन्हीकडे टोक असलेला बाण असेल तर ती दोन्हीकडे चालते.

जागा आणि खुणा

सपाट जमीन, तिच्यासमोर सरळ उभी, फिकट रंगाची भिंत आणि मधे १० मीटर मोकळं. मी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये करतो. पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी वापरा: एक टोक चाकापाशी, दुसरं भिंतीपाशी, आणि दोन्हीकडची पाण्याची उंची मोजा. जेवढा फरक येईल तेवढी पुढे लावायची आडवी टेप वर-खाली सरकवा.

टायरमध्ये हवा नेमकी, डिकी रिकामी, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं आणि डॅशबोर्डवर हेडलाइटची उंची बदलायचं चाक असेल तर ते शून्यावर.

गाडी आधी भिंतीला जवळजवळ टेकवा. दोन्ही बल्बच्या मध्यासमोर भिंतीवर टेपच्या फुल्या करा आणि फुल्यांमधून आडवी टेप ओढा. मग गाडी सरळ मागे १० मीटर न्या. पुढच्या दोन्ही चाकांपासून भिंतीचं अंतर सारखं आहे ना ते मोजा. गाडी तिरकी उभी असेल तर पुढचं सगळं वाया. आता पहिल्या टेपच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी आडवी टेप. हा एक टक्का उतार. माझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे, तेव्हा या दुसऱ्या टेपवर आलेली रेघ रस्त्याला ६५ मीटरवर टेकते.

हे चालू असताना आमचे वॉचमन मामा येऊन बराच वेळ फुल्यांकडे बघत राहिले.

"साहेब, काय गाडायचंय का हितं?"

"नाही मामा, हेडलाइट मोजतोय."

"मोजायचं काय त्यात? लागतोय का नाय तेवढं बघायचं."

आधी फोकस, मग तुलना

फोकस म्हणजे झोताची उंची स्क्रूने जुळवणं. ही पायरी वगळून केलेली तुलना मी मोजत नाही. एक हेडलाइट अर्धा अंश वर आणि दुसरी अर्धा अंश खाली असेल तर १० मीटरवर त्यांत साधारण १७ सेंटिमीटरचा फरक पडतो. वरची लांबवर छान दिसते म्हणून जिंकते, आणि तुम्ही स्क्रू फिरवल्याचं श्रेय बल्बला देता. म्हणून प्रत्येक बल्ब बसवल्यावर मागचा फोकसचा स्क्रू फिरवून त्याची रेघ दुसऱ्या टेपवर आणा, मगच फोटो. किती आटे फिरवले ते लिहून ठेवा, मूळ जागी परतता येतं.

एका वेळी एकच दिवा बघा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा उभा करा, पण काचेपासून वीतभर लांब. चालू हॅलोजनवर गोणपाट टाकून बसलात तर प्लॅस्टिक तापतं. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका हे सांगायला नकोच.

कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं चालवू देऊ नका

फोन ऑटोवर असेल तर तो मंद झोत उजळवतो आणि प्रखर झोत दाबतो. शेवटी सगळे फोटो सारखे दिसतात. दुकानांच्या जाहिरातीत उलटी करामत असते, 'आधी'चा फोटो काळोखा आणि 'नंतर'चा भगभगीत. मॅन्युअलमध्ये जा. सुरुवातीला आयएसओ १००, शटर १/१५ सेकंद, व्हाइट बॅलन्स ४५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप), फोकस भिंतीवर लॉक. पहिला फोटो सगळ्यात प्रखर दिव्याचा काढा. त्याचा मध्य पांढराफटक फुटला तर शटरची वेळ कमी करा आणि मग तोच आकडा शेवटच्या बल्बपर्यंत ठेवा. ट्रायपॉड एकदा लावला की तो हलवायचा नाही, आणि त्याच्या पायांभोवती पोरांना फिरकू द्यायचं नाही.

भिंत वाचताना

आधी रेघेच्या वर बघा. तिथे अंधार हवा, अगदी काळाकुट्ट नाही; पाट्या दिसाव्यात म्हणून थोडा प्रकाश मुद्दाम सोडलेला असतो. पण रेघेच्या वर पांढरे पट्टे, मिशीसारखे फराटे किंवा धुकं दिसलं तर तो प्रकाश थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातोय. पावसात तोच थेंबांवर आपटून तुमच्याकडे परत येतो.

मग तेजाचा गोळा शोधा. चांगल्या डिपरमध्ये तो रेघेच्या अगदी खाली, फुलीच्या किंचित डावीकडे चिकटलेला असतो. स्वस्त एलईडीत तो खाली ओघळलेला दिसतो. माझ्या गाडीच्या हिशोबाने दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खालचा ठिपका रस्त्यावर ६५ मीटरला पडतो, २० सेंटिमीटर खालचा सुमारे ३२ मीटरला, आणि ५० सेंटिमीटर खालचा जेमतेम १३ मीटरला. ताम्हिणीतला माझा लग्नाचा मांडव तो हाच. बॉनेटपुढचा रस्ता जितका भगभगीत, तितकी डोळ्यांची बाहुली आक्रसते आणि लांबचं कमी दिसतं. गंमत अशी की चालवणाऱ्याला मात्र वाटत राहतं, काय मस्त लाइट आहे!

अप्पर लावून बघायला विसरू नका. तेजाचा मध्य फुलीवर किंवा तिच्या जरा खाली यावा. बऱ्याच एलईडीत अप्पर म्हणजे डिपरचाच डाग वर उचललेला असतो, लांब जाणारा गोळा नसतोच.

दोन ठिपके

युरोपीय चाचणीत पडदा २५ मीटरवर असतो आणि त्यावर ठरलेले बिंदू असतात. त्यातले दोन मी १० मीटरच्या भिंतीवर उतरवून घेतले आणि डावीकडच्या वाहतुकीसाठी आरशासारखे उलटवले. बाकी बिंदू विसरलात तरी चालेल, हे दोन खडूने काढाच.

पहिला: फुलीच्या २० सेंटिमीटर डावीकडे, १० सेंटिमीटर खाली. ही रेषा पुढे वाढवली तर ७५ मीटरवर ती दिव्याच्या दीड मीटर डावीकडे आणि ७५ सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेला, जवळपास जमिनीवर. इथे प्रकाश जितका जास्त तितका चांगला.

दुसरा: फुलीच्या ६० सेंटिमीटर उजवीकडे, १० सेंटिमीटर वर. हीच रेषा ५० मीटरवर तीन मीटर उजवीकडे आणि अर्धा मीटर वर पोचते, म्हणजे समोरून येणाऱ्या कारवाल्याच्या डोळ्यांत. इथे प्रकाश जितका कमी तितका चांगला.

दोन्ही ठिकाणी लक्समीटर (त्या जागी किती प्रकाश पडतो ते मोजणारं यंत्र) दिव्याकडे तोंड करून धरा. १० मीटरवर १ लक्स म्हणजे १०० कँडेला (दिव्याचा त्या दिशेचा जोर). २५ मीटरवर १ लक्स म्हणजे ६२५, कारण अंतराच्या वर्गाने गुणायचं. फोनमधल्या लक्सच्या ॲपचे आकडे खरे मानू नका, पण एकाच फोनने सगळे दिवे मोजलेत तर कोण पुढे कोण मागे ते कळतं. मग पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. भागाकार मोठा येईल ती हेडलाइट चांगली. मला विचाराल तर खोक्यावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा हा एक भागाकार जास्त बोलतो.

मामांनी मीटरची वाट पाहिली नाही. ते उजवीकडच्या ठिपक्यापाशी भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले. हॅलोजन लावला, काही बोलले नाहीत. एलईडी लावली तशी हात आडवा धरून म्हणाले, "हा लय लागतोय, बंद करा." मीटरचंही तेच म्हणणं होतं. तिथे ५० मीटरच्या मानाने २५ पट प्रखर लागतं, तेव्हा तुम्ही स्वतः बसणार असाल तर डोळे बारीक करून, क्षणभरच.

वीस मिनिटांनी पुन्हा

हॅलोजन तापला तरी बदलत नाही. एलईडी तापली की मंदावते, आणि स्वस्तातली तर चांगलीच. म्हणून एलईडीचं मोजमाप लावल्या लावल्या एकदा आणि इंजिनसह वीस मिनिटांनी एकदा. दुसरा आकडाच धरा. हेडलाइटच्या मागचं रबरी टोपण बसत नाही म्हणून ते कापून एलईडीचा पंखा मोकळा सोडणारे मिस्त्री भेटतात. पहिल्या पावसाळ्यात काचेच्या आत पाणी दिसतं.

मग रस्त्यावर

भिंतीवर नापास झालेला बल्ब रस्त्यावर न्यायची गरज नाही. उरलेल्यांसाठी वर्दळ नसलेला, सरळ, अंधारा रस्ता शोधा. आम्ही मुळशीच्या बाजूला एका प्लॉटिंगच्या आतल्या रस्त्यावर गेलो होतो. हायवेच्या कडेला असले प्रयोग करू नका. पुठ्ठ्याचे फूटभर चौकोन गडद राखाडी रंगवून डाव्या कडेला २५, ५० आणि ७५ मीटरवर उभे करा. चमकणारं काही नको. चमकणारी पाटी मंद दिव्यातही दिसते, काळ्या पॅंटमधला माणूस दिसत नाही. सीटवर बसून, पाच मिनिटं अंधाराला सरावून, कोणता चौकोन दिसतो ते लिहा.

पांढऱ्या रंगाने फसू नका. हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास पिवळसर असतो, बाजारातली एलईडी ६००० च्या पुढे निळसर पांढरी. कोरड्या रस्त्यावर पांढरी जास्त उजळ भासते, पण ओल्या डांबरावर मला पिवळसर प्रकाशातच खड्ड्याची कड लवकर दिसते. एलईडीच हवी असेल तर ४३०० च्या आसपासची शोधा.

तुमची वाट कोणती यावरही निवड ठरते. पुण्याजवळचा दिवे घाट किंवा बोपदेव घाट रोजचा असेल तर वळणावर बाजूला किती पसरतं ते महत्त्वाचं. भिंतीवर झोताची रुंदी मोजा. प्रोजेक्टरची कडक रेघ चढ-उतारावर त्रास देते, खोलगट भागात गाडीचं नाक खाली गेलं की समोरचा रस्ता पडदा पडल्यासारखा गायब होतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. ६५ मीटरचं डिपर म्हणजे सव्वादोन सेकंदांची दृष्टी. तिथे समोर कुणी नसताना अप्पर वापरायचंच, आणि ते चांगलं असायला हवं.

दुचाकीवाल्यांनी हीच रीत वापरावी, फक्त गाडी स्टँडवर न ठेवता चालवणारा वर बसलेला असताना. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच असतो, त्यामुळे चुकलेला फोकस चोवीस तास लोकांना भोवतो.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की झोत कायमचा खाली वळवलेला हवा किंवा चालवणाऱ्याला तसा वळवता यायला हवा, इतका की ८ मीटरवरच्या, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवरच्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत परस्पर केलेल्या बदलांबद्दल आहे. मूळ हेडलाइट ज्या बल्बसह तपासून मंजूर होते त्याच बल्बसाठी ती मंजूर असते. जर्मनीतसुद्धा २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडीला पहिल्यांदा परवानगी मिळाली ती ठरावीक मॉडेलांच्या यादीपुरती, कारण तोच बल्ब दुसऱ्या रिफ्लेक्टरमध्ये निराळा वागतो. मित्राच्या गाडीत भारी दिसणारी जोडी तुमच्या गाडीत तशीच दिसेल याची खात्री म्हणूनच देता येत नाही. दुकानदाराला आधीच विचारा, भिंतीवर नापास झाली तर परत घेणार का?

माझ्या गाडीत शेवटी साधे ६०/५५ चे नवे हॅलोजन, रिलेचं हार्नेस आणि घासलेली काच एवढंच राहिलं. बल्ब, बंपर किंवा शॉक ॲब्सॉर्बर, काहीही बदललं की फोकस पुन्हा बघावा लागतो, म्हणून टेपच्या फुल्यांच्या जागी आता सेक्रेटरींना विचारून ऑइलपेंटचे बारीक ठिपके दिलेत. १० मीटरची खूण खांब क्रमांक चारपाशी आहे. तिथे कुणी स्कूटर लावली की मामा हाकलतात.